रणमंडळच्या बाजूने

सोलापूरच्या स्टँडवरून उमरग्याकडे जाणारी एसटी पकडली, की पुढे फारसं काही विचारावं लागत नाही. हैदराबादचा महामार्ग सरळ पूर्वेला जातो. सोयाबीन आणि तुरीच्या रानांतून सोलापूर जिल्ह्याची हद्द संपते, धाराशिव जिल्हा सुरू होतो. इटकळ येतं, अणदूर येतं, आणि अणदूर मागे पडून पाच-सात मिनिटं होत नाहीत तोच कंडक्टर हाक देतो, ‘नळदुर्गवाले, पुढं या.’

या रस्त्यावर आज फक्त जिल्हा बदलतो. १९४७ पर्यंत इथे राज्य बदलत असे. अलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा, पलीकडे निजामाचं हैदराबाद. त्यानंतरचं वर्षभर तर ही स्वतंत्र भारताची आणि निजामाच्या मुलखाची सीमा होती. नळदुर्ग या सीमेच्या अगदी तोंडाशी बसलेलं गाव. त्यामुळे ते सतत कुणाच्या ना कुणाच्या मुलखाला जोडलं जात राहिलं. त्या जोडण्या-तोडण्याच्या खुणा गावात, किल्ल्यात आणि किल्ल्याला जोडलेल्या रणमंडळात अजून दिसतात. त्या पाहायला मी दोनदा नळदुर्गला गेलो. दोनदा का, ते पुढे येईलच.

पहिल्यांदा गेलो तो दिवस १३ सप्टेंबरचा होता. तारीख मुद्दाम निवडली नव्हती. वरच्या अंगाचं बोरी धरण भरून वाहायला लागलं, एवढं कळल्यावर निघालो. बोरी सांडायला लागली की किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुरू होतात, आणि ते पाहायला सोलापूरपासून लातूरपर्यंतची माणसं गाड्या काढून येतात. स्टँडबाहेरच्या चहावाल्याने कप पुढे करता करताच सांगितलं, ‘कालपासनं पानी सुटलंय. आज गर्दी व्हनार. आधी किल्ला बघा, मग जेवा.’

किल्ल्याकडे जाताना आपण सपाटीवरून सपाटीवरच चालत जातो. चढ नाही, डोंगर नाही. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटतं. पण नळदुर्गाची ताकद उंचीत नाही, खोलीत आहे. बोरी नदीने पठार खोल कापत आणलं आहे आणि त्या दरीत काळ्या दगडाचं एक पठारी टोक पुढे आलेलं आहे. दोन बाजूंना नदी, कडे तुटलेले. फक्त गावाकडची पश्चिम बाजू जमिनीला जोडलेली. सगळी भीती त्या एका बाजूची. म्हणून तिकडे दुहेरी तट, मोठाले बुरूज आणि खडकात खोदून काढलेला खंदक. याच अंगाला नवबुरूज आहे. नऊ पाकळ्या जुळवून उभ्या कराव्यात तसा त्याचा बाहेरचा घेर आहे. दगड घडवणाऱ्याने प्रत्येक पाकळीची गोलाई सारखी ठेवली आहे, आणि दोन पाकळ्या जिथे भेटतात तिथली सरळ रेघ खालपासून वरपर्यंत कुठेही ढळलेली नाही. युद्धासाठी बांधलेल्या भिंतीवर इतकी माया कुणी केली असेल, या विचाराने मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

हुलमुख दरवाजातून आत गेलं की पहिली जाणीव होते ती मोकळ्या जागेची. किल्ल्याचा विस्तार सव्वाशे एकरांच्या घरात, बुरूज शंभरावर. लोक ११४ असा आकडा सांगतात. मशीद, अंबरखाना, हत्तीखाना, रंगमहाल, दारूगोळ्याची कोठारं अशी नावं लागलेल्या इमारती दूरदूर उभ्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये जोत्यांच्या रेघा. कर्नल मेडोज टेलर १८५३ मध्ये इथे आला तेव्हा जवळजवळ सगळा आतला भाग पडक्या भिंतींनी भरलेला होता आणि मधून एक रुंद रस्ता गेलेला होता, असं त्याने आत्मचरित्रात नोंदवलं आहे. म्हणजे हा नुसता किल्ला नव्हता, तटाच्या आत वसलेलं शहर होतं. ते शहर हळूहळू दरवाजाबाहेर आलं आणि पश्चिमेच्या मोकळ्या पठारावर पसरलं. एके काळी बाहेरचं गाव किल्ल्याला जोडलेलं होतं. आता किल्ला गावाला जोडलेला आहे, गावाची एखादी जुनी रिकामी पेठ असावी तसा.

टेलर इथे का आला, तेही सांगायला हवं, कारण तेव्हा हा सगळा प्रदेशच एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला होता. निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज होती. तिचा पगार थकत गेला, कर्ज साठत गेलं. त्या कर्जापोटी १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिवचा मुलूख कंपनीच्या हवाली केला. धाराशिवचा कारभार टेलरकडे आला आणि त्याने ठाणं नळदुर्गला केलं. ठगांवरच्या १८३९ च्या कादंबरीमुळे तो तोवर प्रसिद्ध झालेला होता. पुढे १८६३ मध्ये आलेल्या त्याच्या ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूर आणि हाच परिसर येतो. १८५७ च्या धामधुमीत त्याला वऱ्हाडात पाठवण्यात आलं. १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं. सात वर्षांत एक अख्खा जिल्हा गहाण पडला आणि सुटला. इथल्या शेतकऱ्याला त्यातलं किती कळलं असेल? सारा भरायची कचेरी तीच राहिली, शिक्का बदलला.

परत आल्यावरही जिल्ह्याचं नाव नळदुर्गच होतं. १९०४ मध्ये जिल्ह्याचं ठिकाण इथून धाराशिवला हललं. पुढे तो जिल्हा उस्मानाबाद म्हणून ओळखला जाऊ लागला, १९८२ मध्ये त्यातून लातूर वेगळा निघाला आणि २०२३ मध्ये नाव पुन्हा धाराशिव झालं. या सगळ्या नावांमध्ये नळदुर्ग आता तुळजापूर तालुक्यातलं एक गाव आहे, नगरपरिषद असलेलं. जिल्ह्याचा मान गेल्यावर गावं कशी आक्रसतात ते मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी दिसतं. नळदुर्गात त्याचं दुःख कुणी बोलून दाखवत नाही, पण ‘पूर्वी जिल्हा आमचाच’ हे वाक्य त्या दिवशी मला तीन वेगवेगळ्या माणसांनी ऐकवलं.

उपली बुरूज किल्ल्यातला सगळ्यांत उंच, जवळपास ९० फूट. पायऱ्या अरुंद नाहीत, पण उंच आहेत. मध्ये एकदा थांबावंच लागतं. वर लांबलचक तोफा आहेत. त्यांतल्या एकीच्या तोंडाशी मगर घडवली आहे, म्हणून ती मगर तोफ. ओतलेल्या धातूवर हात ठेवला तर सप्टेंबरच्या उन्हातही तो सोसवत नव्हता. वरून किल्ल्याचा घाट एका नजरेत कळतो: पश्चिमेला गाव, खाली नदीची खोल वळणं, आणि नदीपलीकडे आणखी एक तटबंदी. छोटी, झाडोऱ्याने भरलेली, कुणी नसलेली. तेच रणमंडळ.

दोन किल्ल्यांच्या मध्ये, नदीवर आडवा, काळ्या दगडाचा बंधारा. आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल.

याची कहाणी एका लहान मुलापासून सुरू होते. १५८० मध्ये विजापूरचा अली आदिलशहा मारला गेला आणि नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर आला. कारभार चुलती चांदबिबीकडे. अशी संधी शेजारी थोडीच सोडतात! अहमदनगरच्या निजामशाहीच्या आणि गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीच्या फौजा मिळून नळदुर्गावर आल्या. शाहदुर्ग हे तेव्हाचं त्याचं आदिलशाही नाव. वेढा पडला, तोफा चालल्या, पण किल्ला पडला नाही. वेढा उठवून सगळ्यांना परत जावं लागलं. ज्याच्या बालपणी हा किल्ला असा टिकला, त्याच दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने मोठेपणी, १६१३ मध्ये, इथे बोरी अडवली. बांधणाऱ्याचं नाव मीर महंमद इमादीन. महालातल्या फारसी शिलालेखाने ते राखून ठेवलं आहे. आपल्याकडच्या किती जुन्या बांधकामांना बांधणाऱ्याचं नाव आहे? राजाचं असतं, गवंड्याचं आणि स्थपतीचं नसतं. म्हणून त्या अक्षरांसमोर मला फार बरं वाटलं.

बंधारा सुमारे पावणेदोनशे मीटर लांब आणि वीसेक मीटर उंच. एका बांधकामाने तीन कामं साधली. किल्ल्याला बारमाही पाणी मिळालं. नदीचं पात्र तुडुंब राहिल्यामुळे कड्याखाली आयता खंदक तयार झाला. आणि पलीकडे जायला वाट झाली. पण वाट आपल्याला झाली तशी शत्रूलाही होते. पलीकडच्या काठावर शत्रूने पाय रोवला, तर तो बंधारा फोडून किल्ला तहानेने मारू शकतो, नाहीतर त्याच वाटेने आत शिरू शकतो. म्हणून पलीकडचं टोकही तट घालून किल्ल्यात घ्यावं लागतं. रणमंडळ हा जोडकिल्ला आहे, असं सगळे सांगतात. पण तो जोडला आहे पाण्यासाठी, हे बंधाऱ्यावर उभं राहिल्यावर समजतं.

बंधाऱ्याच्या माथ्यावरून जिना पोटात उतरतो. दोन-चार पायऱ्यांतच हवा बदलते. बाहेर ऊन, आत ओलसर गारवा आणि सगळीकडून एकच घुमणारा आवाज. छोटे सज्जे, कमानींच्या खिडक्या, कोरीव कोनाडे. खिडक्या नदीच्या खालच्या अंगाला उघडतात आणि खिडकीसमोरून पाणी पडत असतं. वरच्या दोन सांडव्यांतून, म्हणजे नर आणि मादीतून, पाणी इतक्या नेमक्या अंतरावरून पुढे फेकलं जातं की ते खिडकीबाहेर पडद्यासारखं उभं राहतं, आत येत नाही. मी चौकटीवर हात ठेवला. दगड गार होता, तुषारांनी ओला होता. हाताच्या वितीएवढं आत मात्र कोरडा. एवढ्या एका वितीत मीर इमादीनचं सगळं गणित आहे. सांडव्याचा उतार थोडा कमी असता तर पाणी भिंत धरून खाली आलं असतं आणि महालाची विहीर झाली असती. चारशे वर्षांत बोरीला किती पूर आले असतील, तरी ते गणित चुकलेलं नाही. पाण्यातून गाळून येणारा उजेड हिरवट होता आणि त्या उजेडात शेजारी उभी असलेली एक आजी, नऊवारीतली, तोंडाला पदर लावून नुसती बघत होती. तिला तिचा नातू ‘चल, आज्जे, चल’ म्हणत होता. ती हलत नव्हती.

त्या काळात दख्खनमध्ये पाण्याचं वेडच लागलेलं दिसतं. याच दशकात मलिक अंबर खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहरीचं पाणी खेळवत होता. विजापूरजवळ कुमठग्याला आदिलशाहीने तळ्यातले महाल बांधले. दूर इराणमध्ये इस्फहानचा ख्वाजू पूल प्रसिद्ध आहे. पूल, बंधारा आणि बसायची दालनं असं तिन्ही एकत्र, पाहायला जगभरातून लोक येतात. तो पूल १६५० च्या सुमाराचा. आमचा पाणीमहाल त्याच्या आधी जवळपास चार दशकं पुरा झालेला आहे. ही तुलना मी ईर्ष्येने करत नाही; पण नळदुर्गचं नाव त्या रांगेत घेतलं जात नाही, याची खंत वाटते.

त्या दिवशी मला रणमंडळात जाता आलं नाही. पाण्याला जोर होता आणि राखणदाराने हात आडवा केला. ‘पानी वसरल्यावर या, साहेब. पलीकडं तसं काई न्हाई बघायला.’ ते ‘तसं काही नाही’ मनात घेऊन गावात परत आलो. आणि चहाच्या टपरीवर बसल्यावर आजची तारीख ध्यानात आली.

१३ सप्टेंबर १९४८. भारतीय सैन्य पहाटे सोलापूरकडून याच रस्त्याने निघालं. नळदुर्गजवळचा बोरीवरचा पूल निजामाच्या सैन्याने उडवण्याआधी हाती यायला हवा होता. तो उडाला असता तर रणगाडे इथेच अडकले असते. पूल शाबूत मिळाला. दुसऱ्या शीख बटालियनने नळदुर्गच्या ठाण्यावर हल्ला चढवला आणि रस्ता मोकळा होताच चिलखती तुकडी जळकोटवरून त्याच दिवशी उमरग्यापर्यंत पोचली. त्या सकाळी नळदुर्गजवळ हवालदार बचित्तर सिंग यांच्या पलटणीवर मशीनगनचा मारा झाला. मांडीत गोळी लागलेली असताना ते सरपटत पुढे गेले, हातगोळे टाकून ती मशीनगन बंद पाडली आणि तिथेच गेले. पंजाबातल्या लोपो गावचा हा माणूस. स्वतंत्र भारताने दिलेलं पहिलं अशोक चक्र त्यांचं आहे, १९५२ मध्ये, मरणोत्तर. पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती जाहीर केली. तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून आपण पाळतो. शाळकरी पोरं त्या दुपारी त्याच दिवसासाठी रस्त्यावर संचलनाचा सराव करत होती. किल्ल्याची गर्दी आणि त्या पोरांची रांग एकाच रस्त्यावर एकमेकांना वाट देत होती. बचित्तर सिंगांचं नाव धबधबा पाहून परतणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडावं, असं मला तिथे बसल्या बसल्या तीव्रतेने वाटलं.

दुसऱ्यांदा गेलो ते पौषात, थंडीत. तेव्हा नळदुर्गात खंडोबा मुक्कामाला होता. ही इथली फार सुंदर रीत आहे. अणदूर आणि नळदुर्ग, मध्ये चारेक किलोमीटरचं अंतर, देवळं दोन आणि मूर्ती एक. देव सव्वादहा महिने अणदुरात राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गाच्या मैलारपुरात. मूर्ती एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे सोपवताना मानकरी रीतसर लेखी करार करतात. नळ राजा आणि दमयंतीच्या भक्तीमुळे देव इथे आला, अशी कथा आहे. गावाचं नावही त्याच नळावरून सांगतात. पौष पौर्णिमेला बोरीच्या काठी यात्रा भरते, भंडाऱ्याने माती पिवळी होते. राजांनी आणि सरकारांनी हा मुलूख इकडून तिकडे जोडताना इथल्या कुणाला विचारलं नाही. आणि इथल्या लोकांनी मात्र देव वाटून घेताना दिवसांचा हिशोब ठेवला, कागद केला, आणि दर वर्षी तो पाळला.

या वेळी बंधारा कोरडा होता. वरच्या अंगाला पाणी शांत, खालच्या अंगाला पात्रात दगड उघडे. रणमंडळाच्या बाजूला मी एकटाच निघालो. बंधाऱ्याच्या मध्यावर आलं की दोन्ही किल्ले सारख्याच अंतरावर दिसतात आणि क्षणभर कोणता मोठा ते कळत नाही. पुढे दरवाजा, मग घाणेरी आणि बाभळींची दाटी, एक पाऊलवाट. तटावर चढायला कुठेतरी ढासळलेल्या दगडांची वाट मिळते.

राखणदार म्हणाला होता तसं तिथे खरोखर काही नाही. तट, बुरूज, गवत, वारा. पण पाठ फिरवून पाहिलं आणि मला नळदुर्ग पहिल्यांदा दिसला. आतून फिरताना तो तुकड्यातुकड्यांत दिसतो; इथून तो अख्खा उभा राहतो. कड्याच्या काळ्या दगडाला उभे खांब पडलेले आहेत, एकाला एक लागून, जणू निसर्गानेच आधी बुरूज घडवायला घेतले होते. त्या खांबांच्या टोकावर माणसाने आपला तट असा बसवला आहे की कडा कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं, ते दुरून सांगता येत नाही. मागे उपली बुरूज. खाली बंधाऱ्याच्या काळ्या अंगावर पाणीमहालाच्या खिडक्या, एवढ्याशा, कोरड्या, आणि त्यांतून आत-बाहेर करणाऱ्या पाकोळ्या. सप्टेंबरात मी त्या खिडकीतून इकडे पाहत होतो आणि पाण्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

तिथे उभं राहिल्यावर वाटलं, की मीर इमादीननेही आखणी करताना इकडच्या काठावर उभं राहूनच पाहिलं असणार. बंधारा कुठून कुठे जायचा, पाणी कुठवर चढेल, हे पलीकडून कळतच नाही.

किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. गेल्या काही वर्षांत शासनाच्या संगोपन योजनेखाली त्याची डागडुजी झाली, बाग झाली, दिवे लागले, आणि ओस पडलेल्या जागेत माणसांची वर्दळ आली. हे मोठं काम आहे. रणमंडळाच्या वाट्याला मात्र अजून फारसं काही आलेलं नाही. तटाच्या सांध्यांतून पिंपळ उगवले आहेत. पिंपळाचं रोप बोटभर असताना उपटलं तर निघतं, मनगटाएवढं झालं की दगड घेऊनच येतं. मी हाताला लागली ती चार-पाच रोपं उपटली. त्यातलं एक आलं नाही.

परतताना ऊन कलंडलं होतं. बंधाऱ्याच्या अलीकडच्या टोकाला तोच राखणदार उभा होता, सप्टेंबरचाच. त्याने मला ओळखलं नाही. काठी जमिनीला टेकवून त्याने विचारलं, ‘पलीकडं आजून कुनी राह्यलंय का?’

मी वळून पाहिलं. रणमंडळाच्या तटावर दोन शेळ्या उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे, गवतातून, त्यांना हाका मारत येणारी एक मुलगी.